वळची इमारत, कलम ३०४ आणि सेशन कोर्ट : गंभीर गुन्ह्याचा खटला कुठे चालतो, कसा चालतो?

वळ (ता. भिवंडी) : २९ एप्रिल २०२३, शनिवारची दुपार. वळपाड्यातल्या वर्धमान कंपाऊंडमधली इमारत कोसळली. खाली गोदाम, वर बिऱ्हाडं. ढिगाऱ्याखालून माणसं काढायचं काम जवळपास दोन दिवस चाललं. आठ जीव गेले. नारपोली पोलिसांनी इमारतीच्या मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला आणि त्याला अटक केली.

त्यानंतर गावात, चहाच्या टपरीवर, गोदामाच्या गेटवर एकच विषय होता. केस भिवंडीला चालणार की ठाण्याला? जामीन झाला तर माणूस सुटला का? आपल्याला साक्षीला बोलावलं तर काय करायचं? कोणी काही सांगायचं, कोणी काही. एक म्हातारबाबा तर सरळ म्हणाले, "आपुन मधी नाय परायचा."

या लेखात त्या प्रकरणात कोण दोषी, हे सांगायचं नाही. ते कोर्ट ठरवेल. पण आठ माणसं मेल्याचा खटला, खुनाचा खटला, बलात्काराचा खटला ज्या कोर्टात चालतो ते सेशन कोर्ट म्हणजे काय, तिथे काय होतं आणि आपल्यासारख्या साध्या माणसाचं तिथे काय काम असतं, हे माहीत असायला हवं. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. पण गुन्हा आपल्या गल्लीत घडला, तर पायरी चढावीच लागते.

मॅजिस्ट्रेट कोर्ट आणि सेशन कोर्ट

फौजदारी कोर्टाच्या खालच्या दोन पायऱ्या समजून घेऊ.

पहिली पायरी म्हणजे न्यायदंडाधिकारी, आपल्या बोलण्यातलं मॅजिस्ट्रेट कोर्ट. भिवंडीला आहे ते हे. मारामारी, शिवीगाळ, साधी चोरी, चेक बाऊन्स असल्या केसेस इथे चालतात. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला जास्तीत जास्त ३ वर्षं कैद देता येते. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याला ७ वर्षं.

दुसरी पायरी म्हणजे सत्र न्यायालय, सेशन कोर्ट. ते जिल्ह्याचं असतं. तिथला न्यायाधीश कायद्यात लिहिलेली कुठलीही शिक्षा देऊ शकतो. दहा वर्षं, जन्मठेप, फाशीसुद्धा. फाशीला मात्र हायकोर्टाची मंजुरी लागते.

एकच न्यायाधीश जमिनीचे, पैशाचे दावे ऐकतो तेव्हा त्याला जिल्हा न्यायाधीश म्हणतात आणि फौजदारी खटला ऐकतो तेव्हा सत्र न्यायाधीश. म्हणून बोर्डावर "जिल्हा व सत्र न्यायालय" असं लिहिलेलं असतं. त्यांच्या हाताखाली अतिरिक्त सत्र न्यायाधीश असतात. त्यांचे अधिकारही तेवढेच.

भिवंडी तालुका ठाण्याच्या सत्र विभागात येतो. मुख्य कोर्ट ठाण्यात, कोर्टनाक्यावर. कल्याणलाही अतिरिक्त सत्र न्यायाधीश बसतात. समन्स आलं की त्यावर कोर्टाचं ठिकाण आणि खोली नंबर बघा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

माणूस मोठा म्हणून कोर्ट मोठं होत नाही

बऱ्याच जणांचा समज असतो की गाजलेली केस म्हणजे मोठं कोर्ट. तसं नसतं. आपल्या तालुक्यातलंच उदाहरण घ्या. २०१४ च्या मार्चमध्ये सोनाळे इथल्या सभेतल्या भाषणावरून राहुल गांधी यांच्यावर बदनामीची केस झाली. २०१८ च्या जूनमध्ये ते त्यासाठी भिवंडीच्या कोर्टात येऊन उभे राहिले. देशभरचे कॅमेरे आले, रस्ते बंद झाले. पण खटला मॅजिस्ट्रेट कोर्टातच. का? तर बदनामीला कायद्यात शिक्षाच जास्तीत जास्त दोन वर्षं आहे.

उलट एखाद्या गरीब मजुराचा खून झाला, पेपरात चार ओळीही आल्या नाहीत, तरी तो खटला सेशन कोर्टातच जाणार. म्हणजे कोर्ट ठरतं ते कलमावरून. आरोपी किंवा मेलेला कोण आहे त्यावरून नाही.

कुठले गुन्हे सेशन कोर्टात?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यामुळे कलमांचे नंबर बदलले. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं. म्हणून दोन्ही नंबर देतो.

- खून : जुनं ३०२, नवं १०३
- सदोष मनुष्यवध : जुनं ३०४, नवं १०५
- खुनाचा प्रयत्न : जुनं ३०७, नवं १०९
- आत्महत्येस प्रवृत्त करणं : जुनं ३०६, नवं १०८
- हुंडाबळी : जुनं ३०४-ब, नवं ८०
- बलात्कार : जुनं ३७६, नवं ६४
- दरोडा : जुनं ३९५, नवं ३१० (२)

यादी याहून मोठी आहे, पण गावपातळीवर बहुतेक वेळा हीच कलमं कानावर येतात. लहान मुलांवरच्या अत्याचाराची पॉक्सोची केस आणि ॲट्रॉसिटीची केस विशेष न्यायालयात चालते. हे विशेष न्यायालय म्हणजे बहुतेक ठिकाणी सत्र न्यायाधीशांनाच दिलेली जादा जबाबदारी असते.

याशिवाय मॅजिस्ट्रेटच्या निकालावरचं अपील, अटकपूर्व जामीन, मोठ्या गुन्ह्यातला जामीन हेही काम सेशन कोर्टात चालतं.

"३०४" आणि "३०४-अ" : एका अक्षराचा फरक

वळच्या प्रकरणात लागलेलं कलम समजून घेण्यासारखं आहे.

माणूस मेला, पण मारायचा हेतू नव्हता, अशा वेळी पोलिसांपुढे मुख्यतः दोन कलमं असतात. ३०४-अ म्हणजे हयगयीने, निष्काळजीपणाने मृत्यू. याला जुन्या कायद्यात जास्तीत जास्त २ वर्षं शिक्षा होती. (नव्या कायद्यात कलम १०६, शिक्षा ५ वर्षांपर्यंत.) हा खटला मॅजिस्ट्रेटकडे चालतो. आणि ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो हे माहीत असूनही केलं, तर याचा दुसरा भाग लागतो आणि १० वर्षांपर्यंत शिक्षा होते. हा खटला फक्त सेशन कोर्टात.

दोघांमधला फरक एका प्रश्नात आहे. "त्याला माहीत होतं का?"

कुठल्याही इमारतीच्या केसमध्ये हाच प्रश्न येणार. भिंतीला तडे गेलेत हे मालकाला कोणी सांगितलं होतं का? नोटीस गेली होती का? वर वजन चढवलं ते कोणाला विचारून? मजला परवानगीविना बांधला का? या गोष्टी पोलिसांच्या डोळ्यांसमोर घडलेल्या नसतात. त्या भाडेकरूला माहीत असतात, हमालाला माहीत असतात, शेजारच्या दुकानदाराला माहीत असतात. म्हणजेच आपल्याला.

कलम खाली आलं की काय होतं, हे देशाने भोपाळला पाहिलं. १९८४ च्या वायुगळतीत हजारो माणसं मेली. कंपनीच्या अधिकाऱ्यांवर आधी ३०४ चा आरोप होता आणि प्रकरण सेशन कोर्टापुढे होतं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आरोप ३०४-अ वर आणला. खटला मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेला. ७ जून २०१० ला निकाल लागला. सात जण दोषी, शिक्षा दोन वर्षं. लोक चिडले, पण त्या कलमात त्याहून जास्त शिक्षा न्यायाधीशांच्या हातातच नव्हती.

उलटा प्रवास मुंबईत झाला. २८ सप्टेंबर २००२ ला वांद्र्याला फूटपाथवर झोपलेल्या कामगारांवर गाडी चढली. एक जण मेला, चार जखमी झाले. आरोपी अभिनेता सलमान खान. आधी मॅजिस्ट्रेटसमोर ३०४-अ खाली खटला चालला. मग मॅजिस्ट्रेटनेच हे ३०४ चं प्रकरण दिसतं म्हणून ते सेशन कोर्टाकडे पाठवलं. २०१३ मध्ये तिथे खटला नव्याने, पहिल्यापासून सुरू झाला. साक्षीदार पुन्हा तपासले. ६ मे २०१५ ला सेशन कोर्टाने पाच वर्षांची शिक्षा दिली. १० डिसेंबर २०१५ ला हायकोर्टाने निर्दोष सोडलं. गाडी आरोपीच चालवत होता हे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही, असं हायकोर्टाचं म्हणणं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुख्य साक्षीदार होता आरोपीच्या संरक्षणाला दिलेला पोलीस. तो २००७ मध्येच वारला. सेशन कोर्टात उभं राहायला तो नव्हता. मॅजिस्ट्रेटसमोर दिलेल्या त्याच्या जुन्या साक्षीवर हायकोर्टाने विश्वास ठेवला नाही. कागद होता, माणूस नव्हता.

एफआयआरपासून निकालापर्यंत

गंभीर गुन्ह्याची फाईल कशी पुढे जाते, ते टप्प्याने सांगतो.

१. एफआयआर. फिर्याद दिली की तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. मागून घ्या.

२. पहिली हजेरी मॅजिस्ट्रेटसमोर. आरोपीला अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. गुन्हा खुनाचा असला तरी पहिली हजेरी साधारण इथेच. म्हणून लोकांना वाटतं, केस भिवंडीलाच चालली आहे. तसं नसतं, इथे फक्त कोठडीचा निर्णय होतो.

३. दोषारोपपत्र. यालाच आपण चार्जशीट म्हणतो. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत ते आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मग गावात चर्चा सुरू होते की "सेटिंग झाली, सुटला." जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला तसाच चालू राहतो.

४. केस वर पाठवणं. मॅजिस्ट्रेट कागद बघतो, आरोपीला त्याच्या प्रती देतो आणि केस सेशन कोर्टाकडे सुपूर्द करतो. याला वकील "कमिट करणं" म्हणतात. नव्या कायद्यात यासाठी ९० दिवसांची मुदत आहे. कारण नोंदवून ती १८० दिवसांपर्यंत वाढवता येते.

५. आरोप निश्चिती. सेशन कोर्ट कागद बघून ठरवतं, खटला चालवण्याइतका पुरावा आहे का? नसेल तर आरोपी इथेच दोषमुक्त होतो. असेल तर आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? बहुतेक आरोपी "नाही" म्हणतात.

६. साक्षीपुरावा. आधी सरकारी वकील प्रश्न विचारतो, ती सरतपासणी. मग आरोपीचा वकील विचारतो, ती उलटतपासणी. सगळ्या खटल्याचा जीव इथे आहे.

७. आरोपीचं म्हणणं. न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. तो हवं तर आपले साक्षीदार आणू शकतो.

८. युक्तिवाद आणि निकाल. नव्या कायद्यात युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत निकाल द्यायचा आहे, फार तर ४५ दिवसांत. दोषी ठरलं तर शिक्षा किती यावर दोन्ही बाजूंना वेगळं ऐकतात.

सेशन कोर्टात फिर्यादीची बाजू सरकारी वकील मांडतो, कारण गुन्हा हा राज्याविरुद्ध धरला जातो. म्हणून निकालपत्रावर "महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक" असं असतं. पीडित कुटुंबाला आपला वकील ठेवता येतो. तो सरकारी वकिलाला मदत करतो.

निकाल देतो कोण?

सिनेमात बघतो तसे "ज्युरी" आता आपल्याकडे नाहीत. पूर्वी होते. १९५९ मध्ये मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांचा खटला सेशन कोर्टात ज्युरीपुढे चालला. ("रुस्तम" सिनेमा याच प्रकरणावर बेतलेला.) नऊपैकी आठ ज्युरींनी "निर्दोष" म्हटलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने नानावटींना दोषी धरून जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे आपल्याकडची ज्युरीची पद्धत बंद झाली.

आता निकाल एकटा न्यायाधीश देतो, आणि तो कारणं लिहून द्यावा लागतो. गावात सगळ्यांना माहीत आहे, यावर शिक्षा देता येत नाही. कोर्टासमोर आलं तेवढंच न्यायाधीशाला माहीत.

एकच कोर्ट, एकच महिना, दोन निकाल

साक्षीने काय फरक पडतो, हे नगरच्या (आता अहिल्यानगर) सेशन कोर्टाकडे बघून कळतं.

जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात २८ एप्रिल २०१४ ला नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. एका मुलीशी बोलल्याच्या रागातून मारल्याचा आरोप होता. राज्यभर मोर्चे निघाले. खटला उभा राहिला तेव्हा एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले.

त्याच नोव्हेंबरात, त्याच नगरच्या कोर्टात, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीच्या खटल्याचा निकाल लागला. १३ जुलै २०१६ ला तिथे एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. तिथे पुरावा उभा राहिला, टिकला. २९ नोव्हेंबर २०१७ ला तिघांना फाशीची शिक्षा झाली.

दोन्ही प्रकरणं वेगळी, पुरावाही वेगळा, मान्य. पण खर्ड्याच्या त्या मुलाचा जीव तर गेलाच होता. तो घेणारा कोणी तरी होता. आणि कागदावर आज त्या खुनाचा दोषी कोणीही नाही.

पोलिसांना दिलेला जबाब म्हणजे साक्ष नव्हे

हा मुद्दा गावात कोणालाच माहीत नसतो, म्हणून ठळक सांगतो.

पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्यावर तुमची सही घ्यायची नसते. तो फक्त तपासाचा कागद. कोर्टात शपथेवर तुम्ही जे बोलाल, तीच साक्ष. म्हणजे चार्जशीटमध्ये पन्नास माणसांचे जबाब असले आणि पिंजऱ्यात एकही नीट बोललं नाही, तर ते पन्नास कागद रद्दी.

मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर दिलेल्या जबाबाला (जुनं १६४, नवं १८३) जास्त वजन असतं. तो नंतर फिरवणाऱ्यावर खोट्या साक्षीची कारवाई होऊ शकते. त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात हे झालंय. साक्षीदार फिरले, आरोपी सुटले. मग सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये खटला महाराष्ट्रात आणून नव्याने चालवायला सांगितला. २००६ मध्ये मुंबईत नऊ जण दोषी ठरले, आणि साक्ष फिरवणाऱ्या मुख्य साक्षीदारालाही सुप्रीम कोर्टाने एक वर्षाची कैद दिली.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या गुन्ह्यात मी पंच होतो. रात्री उशीर झालेला, घरी जायची घाई. पंचनामा न वाचता सही केली. पुढे समन्स आलं ते भात कापणीच्या दिवसांत. तीन वेळा गेलो, तीन वेळा पुढची तारीख मिळाली. चौथ्या वेळी पिंजऱ्यात उभा राहिलो. आरोपीच्या वकिलाने विचारलं, "खोलीत दिवा होता का? कुठल्या भिंतीला?" पंचनाम्यात लिहिलं होतं. मला आठवेना. मग विचारलं, "पंचनामा वाचून सही केली होती का?" मी खरं ते सांगितलं, नाही. वकील खाली बसले. तो आरोपी सुटला. माझ्या एकट्याच्या साक्षीमुळे नसेल. पण बाहेर बाकड्यावर मेलेल्या पोराची आई बसली होती, तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून मी वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही.

निकालानंतर

सेशन कोर्टाच्या शिक्षेवर हायकोर्टात अपील होतं. फाशी असेल तर आरोपीने अपील केलं नाही तरी केस हायकोर्टात जातेच. तिथे मंजुरी मिळेपर्यंत फाशी देता येत नाही.

खैरलांजीच्या खटल्यात भंडाऱ्याच्या कोर्टाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी दिली होती. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात एप्रिल २०१४ मध्ये तिघांना फाशी झाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये हायकोर्टाने ती जन्मठेप केली. दोन्हीकडे शिक्षा बदलली, पण आरोपी दोषी आहेत हे कायम राहिलं. कारण खालच्या कोर्टात पुरावा पक्का बसला होता.

वरची कोर्टं सहसा नवे साक्षीदार बोलावत नाहीत. सेशन कोर्टात टाईप झालेले कागद वाचून ती निर्णय देतात. म्हणून खाली जे बोलायचं राहिलं, ते वर जाऊन बोलता येत नाही. "हायकोर्टात बघून घेऊ" हे बोलायला ठीक आहे.

आरोपी सुटला तर सरकार अपील करू शकतं. २००९ च्या दुरुस्तीपासून पीडित कुटुंबालाही स्वतः अपील करता येतं. आरोपी निर्दोष सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई कमी मिळाली, या तिन्ही कारणांसाठी.

साक्षीला बोलावलं तर : कामाच्या गोष्टी

- समन्स आलं तर टाळू नका. गेलं नाही तर वॉरंट निघू शकतं. खरंच अडचण असेल तर कोर्टाला किंवा सरकारी वकिलाला आधी कळवा.
- साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलाला आधी भेटा. हा तुमचा हक्क आहे. तुमच्या सहीचे कागद पाहायला मागा.
- आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. अंदाजाने उत्तर देऊ नका. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. मराठीतच बोला, त्यात कमीपणा नाही.
- येण्याजाण्याचा भत्ता सरकारी साक्षीदाराला मिळतो. कोर्टात मागा.
- धमकी येत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे. सुप्रीम कोर्टाने ५ डिसेंबर २०१८ ला ती सगळ्या देशाला लागू केली. जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष खुद्द जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. पोलीस संरक्षण, नाव गुप्त ठेवणं, आरोपीसमोर न आणता साक्ष घेणं, असं बरंच काही मिळू शकतं. अर्ज लेखी करा.
- तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं नव्या कायद्यात पोलिसांवर बंधनकारक आहे.
- वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. महिला, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाईन १५१००.
- पुढची तारीख मोबाईलवर बघा. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी ॲप आहे. केसचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की तारीख, कोर्ट, टप्पा सगळं दिसतं. त्यासाठी कोणाला शंभर रुपये द्यायची गरज नाही.

शेवटी

वळपासून दापोडा, गुंदवली, मानकोलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं झाली. भाताची शेतं गेली, माळे चढले, माणसं राहायला आली. त्यातली किती बांधकामं धड आहेत, ते रोज तिथून जाणाऱ्या माणसाला दिसतं. उद्या कुठे काही झालं, तर मेणबत्त्या घेऊन उभे राहणारे खूप असतील. पण ठाण्याच्या कोर्टात नाव पुकारलं जाईल, तेव्हा कशेळीच्या ट्राफिकमधून वेळेवर पोचून, पिंजऱ्यात उभं राहून, "हो, तडे गेले होते, आम्ही सांगितलं होतं" असं शपथेवर सांगणारा एक माणूस लागतो.

त्या म्हातारबाबांना मी तेव्हा काही बोललो नाही, वयाने मोठे आहेत. पण गावात तडा गेलेली भिंत दिसली, तर आज तोंडी सांगून गप्प बसू नका. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ती कपाटात जपून ठेवा.